वडीलधाऱ्यांच्या दृष्टीचे माप

वृद्ध आईवडिलांना मोठ्या पडद्याचा टीव्ही भेट देण्याची रीत आमच्या पांढुर्णा-सौंसर मुलखात आता चांगलीच रुळली आहे. मुलगा नागपूरला किंवा पुण्याला नोकरीवर, मुलगी सासरी, घरी संत्र्याच्या बागेचा आणि कपाशीचा जमाखर्च सांभाळीत राहिलेले बाबूजी व गुडघ्यांच्या दुखण्यामुळे बाहेर पडणे जवळजवळ बंद झालेली आई, आणि दिवाळीच्या आधी एखाद्या दुपारी मालवाहू रिक्षातून दोघाजणांनी जपून उतरविलेले ते लांबरुंद खोके, हे दृश्य या दोन तहसिलींत गल्लोगल्ली ओळखीचे झाले आहे. या रीतीविषयी दोन मते ऐकू येतात. एक मत असे की, सहवासाची उणीव वस्तूने भरून काढण्याचा हा प्रकार असून त्यात प्रेमापेक्षा अपराधाची जाणीवच अधिक असते. दुसरे मत, जे बोलून दाखविले जात नाही पण दुकानात निर्णय करते, ते असे की, पडदा जितका मोठा तितका मुलाचा मान मोठा. ही दोन्ही मते मला अमान्य आहेत. माणसाच्या उतारवयात मोठा पडदा ही चैन राहत नाही, ती जवळजवळ चष्म्याच्या कोटीतली गरज होते. मात्र तिचे माप देणाऱ्याच्या ऐपतीवरून निघत नाही, ज्यांच्यासाठी ती वस्तू आणावयाची त्यांचे डोळे, कान, हात आणि भाषा यांवरूनच ते निघते, हे माझे प्रतिपादन आहे.

पहिला आक्षेप नैतिक स्वरूपाचा आहे, म्हणून त्याचा विचार आधी केला पाहिजे. नागपूरपासून सुमारे शंभर किलोमीटरवरच्या पांढुर्ण्यातली आणि त्याहूनही जवळच्या सौंसरातली मुले उच्च शिक्षणासाठी नागपूरला जातात आणि पुढे तिकडचीच होतात, याला कुणाची कृतघ्नता कारण नाही. ज्या गावात शिकलेल्या माणसाला साजेसे काम पुरेसे मिळत नाही त्या गावातून शिकलेला माणूस बाहेर पडणारच. छिंदवाडा जिल्ह्यातून ऑक्टोबर २०२३ मध्ये या दोन तहसिलींचा पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, कचेऱ्या जवळ आल्या, परंतु गेलेली पिढी परतण्यास तेवढे पुरेसे नाही. शिवाय सहवास आणि टीव्ही यांपैकी एकाचीच निवड करावयाची आहे असे जे या आक्षेपात गृहीत धरलेले असते, तेच मुळात चुकीचे आहे. मुलगा घरात राहत असता तरी दिवसाचे नऊ-दहा तास तो कामावरच असता, आणि म्हाताऱ्या माणसाचा जागेपणीचा दिवस त्या तासांतही पुढे सरकतच असता. आक्षेप घेणारे आणखी एक गोष्ट विसरतात. बाबूजी हे केवळ कुणाचे वडील नसतात. ते निवडणुकीचा निकाल समजून घेऊ पाहणारे नागरिक असतात, क्रिकेटचे जाणकार असतात, कीर्तनाचे रसिक असतात, बाजारभावावर मत असलेले शेतकरी असतात. त्यांची ही सर्व जिज्ञासा मुलाच्या भेटीने शमावी अशी अपेक्षा ठेवणे म्हणजे त्यांचे सारे व्यक्तित्व एका नात्यात कोंडून टाकणे होय.

आपल्या संसदेने २००७ मध्ये आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा कायदा केला. त्यात निर्वाहाच्या व्याख्येत अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार यांची तरतूद सांगितली आहे, आणि पुढच्याच कलमांत मुलांचे दायित्व वृद्धास सर्वसाधारण जीवन जगता येईल अशा गरजांपर्यंत पोहोचते असे म्हटले आहे. कायद्याची भाषा कोरडी असते, तरी ‘सर्वसाधारण जीवन’ या दोन शब्दांत फार मोठा आशय आहे. ज्या काळात देशाचा कारभार, गावची बातमी, पंढरपूरची पूजा आणि पावसाचा अंदाज हे सारे पडद्यावरून घरात येते, त्या काळात पडदा न दिसणे म्हणजे सर्वसाधारण जीवनातून अंशतः बाहेर पडणे. कुणी मुलावर टीव्हीसाठी फिर्याद करावी असे मी सुचवीत नाही. वृद्धांच्या गरजांची यादी अन्न आणि औषधांपाशी थांबवण्याची आपली सवय मात्र कायद्यापेक्षाही संकुचित आहे, एवढेच मला दाखवावयाचे आहे.

आता डोळ्यांकडे वळू, कारण सारा वाद अखेर तेथेच मिटतो. पडद्याचे माप इंचांत सांगतात ते कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे, म्हणजे कर्णाचे असते; ३२ इंची पडदा सुमारे ७१ सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर उंच, तर ५५ इंची पडदा सुमारे १२२ सेंटिमीटर रुंद आणि ६८ सेंटिमीटर उंच भरतो. निरोगी डोळ्याला एखादे अक्षर ओळखता येण्यासाठी ते डोळ्याशी पाच कलांचा कोन करणारे असावे लागते, म्हणजे नऊ फुटांवर त्याची उंची निदान चार मिलिमीटर हवी. ज्या वृद्धाची दृष्टी नेत्रवैद्याच्या भाषेत सहा-अठरा आहे, म्हणजे निरोगी डोळ्याला अठरा मीटरांवरून दिसणारे अक्षर ज्याला सहा मीटरांवर आल्यावर दिसते, त्याला त्याच नऊ फुटांवर अक्षर बारा मिलिमीटरांचे लागते. बातम्यांच्या पडद्याखालून सरकणाऱ्या पट्टीतले अक्षर पडद्याच्या उंचीच्या तिसाव्या हिश्श्याइतके धरले तर ३२ इंची पडद्यावर ते तेरा मिलिमीटरांचे होते, म्हणजे जेमतेम ओळखू येण्याच्या सीमेवर. आणि ५५ इंची पडद्यावर ते जवळजवळ तेवीस मिलिमीटरांचे होते, म्हणजे सुखाने वाचता येईल इतके. त्यातही देवनागरीच्या मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरे यांना सीमेवरचे दिसणे पुरत नाही. ‘मत’ आणि ‘मंत’ यांतला फरक ज्या ठिपक्यावर अवलंबून असतो तो ठिपका आधी नाहीसा होतो. ज्याला मोठा पडदा म्हणजे दिखाऊपणा वाटतो त्याने हे गणित स्वतः करून पाहावे.

यावर कुणी म्हणेल की, लहान संचाच्या जवळ बसले की काम भागते. डोळ्यांपुरते ते खरेही आहे. अंतर निम्मे केले की चित्र दुप्पट होते. परंतु म्हातारपणी बसण्याची जागा माणूस दृष्टीसाठी निवडीत नाही, पाठीसाठी निवडतो. बाबूजींची खाट भिंतीला लागून असते, कारण टेकायला भिंत हवी; आईची खुर्ची स्वयंपाकघराच्या दाराशी असते, कारण दुधाकडे लक्ष हवे. सौंसरमधल्या एका घरात मी पाहिले आहे की, पंचाहत्तरीचे गृहस्थ जुन्या लहान संचापुढे लाकडी स्टूल ओढून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, अक्षरशः हातभर अंतरावरून बातम्या पाहत असत, आणि त्यांच्या पाठीमुळे त्यांच्या पत्नीला काहीच दिसत नसे. ती नुसती ऐकत असे आणि मध्येच ‘काय दाखवून राहिले?’ असे विचारीत असे. घरात दोघे जण असताना जो संच एकालाच दिसतो तो अपुरा आहे, हे सिद्ध करावयास याहून अधिक पुराव्याची गरज नाही. म्हणून खोली साधारण दहा बाय बाराची आणि खाट आठ-नऊ फुटांवर असेल तर ५५ इंची संच योग्य. अंतर सहा फुटांच्या आत असेल तर ४३ इंची पुरतो, आणि त्याहून मोठा घेतल्यास मान सारखी डावीउजवीकडे फिरवावी लागून उलट शीण होतो.

आकाराइतकाच उजेडाचा प्रश्न महत्त्वाचा असून त्याकडे जवळजवळ कुणीच लक्ष देत नाही. विशीतल्या डोळ्याच्या मानाने साठीतल्या डोळ्याच्या आतल्या पडद्यापर्यंत सुमारे एकतृतीयांश प्रकाशच पोहोचतो, कारण बाहुली आकुंचित होते आणि भिंग पिवळसर व धूसर होत जाते. मोतीबिंदू पिकू लागला असेल तर येणारा प्रकाशही विखुरतो आणि खिडकीची झळाळी चित्र खाऊन टाकते. तेव्हा संच खिडकीच्या समोरच्या भिंतीवर लावू नये, आणि नव्या संचात वीज वाचविण्यासाठी पडदा मंद ठेवण्याची जी योजना कारखान्यातूनच चालू करून दिलेली असते, ती बंद करून घ्यावी. वीज थोडी अधिक जळेल, जळू द्यावी. उंचीविषयीही एक सूचना करावीशी वाटते. संच बसवायला येणारा कारागीर तो भिंतीवर पाच-सहा फुटांवर ठोकून मोकळा होतो, कारण त्याखाली कपाट किंवा दिवाण मावतो. खाटेवर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साडेतीन फुटांच्या आसपास असतात, आणि मानेच्या मणक्यांची झीज झालेल्या माणसाने तासभर मान वर करून पाहणे हे दुखण्याला आमंत्रण आहे. पडद्याचा मध्य डोळ्यांच्या रेषेत यावा, असा हुकूम देणाऱ्याने खिळा ठोकण्यापूर्वीच द्यावा.

कानांचे दुःख डोळ्यांच्या दुःखाहून अधिक लपलेले असते. वयाबरोबर कान आधी उंच स्वर गमावतो, आणि भाषेतली बहुतेक व्यंजने, विशेषतः स, श, थ, ख, फ, ही त्या उंच पट्टीतच वावरतात. स्वर मात्र खालच्या पट्टीत असल्यामुळे ऐकू येत राहतात. परिणाम असा होतो की, बोलणे ऐकू येते पण कळत नाही, आणि घरची माणसे समजतात की बाबूजींचे लक्षच नसते. त्यात नव्या संचाचा देह इतका सडपातळ झाला आहे की ध्वनिवर्धक बसवायला त्यात पुढे जागाच नाही. ते खाली किंवा मागे तोंड करून बसविलेले असतात आणि आवाज भिंतीवर आपटून परत येतो. मालिकांमधल्या पार्श्वसंगीताची त्यात भर पडते. आवाज वाढविला की संगीतही वाढते, शब्द तेवढाच अस्पष्ट राहतो, आणि शेजाऱ्याची तक्रार मात्र निश्चित येते. यासाठी माझे स्पष्ट मत असे की, ठरलेल्या रकमेत ६५ इंची संच बसत असेल तर ५५ इंची घ्यावा आणि उरलेल्या पैशांत समोर तोंड करून वाजणारा एक साधा साउंडबार घ्यावा. कानाचे यंत्र लावणाऱ्या वृद्धासाठी तर संचातला आवाज थेट त्या यंत्रात जाऊ शकतो का, हे दुकानात विचारून, प्रत्यक्ष जोडून पाहावे.

हाताची गोष्ट रिमोटशी निगडित आहे. जुन्या रिमोटवर पाचच्या आकड्यावर एक बारीक उंचवटा असतो. आईचा अंगठा न पाहता त्या उंचवट्याशी जातो, तेथून वर, खाली, बाजूला सरकून तीन आकडे दाबतो आणि हवी ती वाहिनी लागते. चष्मा लागत नाही, दिवा लागत नाही, कुणाला हाक मारावी लागत नाही. नव्या संचाबरोबर येणाऱ्या नाजूक रिमोटवर आकडेच नसतात. टीव्ही लावला की वाहिनी दिसण्याऐवजी चित्रांच्या ओळीच्या ओळी उभ्या राहतात, त्यांतल्या पुष्कळशा जाहिराती असतात, आणि एक कळ चुकली की बाई कोणत्या मुलखात जाऊन पडली हे तिचे तिलाच कळत नाही. मग ती टीव्ही बंद करून ठेवते आणि विचारले तर सांगते की, ‘डोळे दुखतात बा’. वीस वर्षे घराच्या चाव्या बाळगलेल्या बाईला स्वतःच्या खोलीत परावलंबी करणारी वस्तू कितीही किमती असली तरी तिला भेट म्हणता येणार नाही. संच लावताच थेट सेट-टॉप बॉक्सवर उघडेल अशी व्यवस्था बहुतेक संचांत करून ठेवता येते, आणि अनेक डिश-कंपन्यांच्या रिमोटला टीव्हीची चालू-बंदची व आवाजाची कळ शिकवून ठेवता येते, म्हणजे हातात एकच रिमोट राहतो, आकड्यांचा. हे काम पंधरा मिनिटांचे आहे. ते करून न देता परतीची गाडी पकडणे मला अक्षम्य वाटते.

आता ज्या मुद्द्यासाठी हा विषय पांढुर्णा-सौंसरच्या संदर्भात मांडावासा वाटला, त्याकडे येतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना अमलात आली, जुन्या मध्य प्रदेशातले विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आणि छिंदवाडा जिल्हा नव्या मध्य प्रदेशात राहिला. त्याबरोबर जाम आणि कन्हान नद्यांच्या काठची आमची मराठी घरेही तिकडे राहिली. दफ्तर हिंदी, शाळा बहुतांशी हिंदी, बाजार दुभाषी, आणि चूल मराठी, अशी आमची वहिवाट गेल्या सात दशकांची आहे. तिच्याविषयी माझी फिर्याद नाही; हिंदीने आम्हांला पुष्कळ दिले. पण ज्या स्त्रीचे सारे आयुष्य मराठीत ओव्या, आरत्या आणि हरिपाठ म्हणण्यात गेले तिला उतारवयात मराठी ऐकावीशी वाटली तर तिच्या गावात मराठी वर्तमानपत्रापलीकडे तिच्यापाशी काय उरते? मराठी दूरचित्रवाणी उरते. आणि नेमकी येथेच अडचण येते, कारण जोडणी देणारा माणूस राज्य पाहून वाहिन्यांचा संच पुढे करतो, मध्य प्रदेश म्हटले की हिंदी. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१९ पासून अमलात आलेल्या नियमांनी ग्राहकाला एकेक वाहिनी निवडून घेण्याचा हक्क दिला आहे, आणि दूरदर्शनच्या विनामूल्य डिशवर सह्याद्री वाहिनी दरमहा काही न भरता पाहता येते. पण हक्क बजावायला कुणीतरी अर्ज करावा लागतो, आणि सत्तरीची आई तो करीत नाही. मुलाने पंचावन्न इंचांचा पडदा आणला आणि त्यात मराठीची एक वाहिनी मागवून दिली नाही, तर त्याने आईसाठी खिडकी बसविली खरी, पण दुसऱ्याच्या अंगणाकडे उघडणारी.

टीव्ही घरोघर पोहोचण्यापूर्वीही तो आमच्या प्रांताला अगदीच अनोळखी नव्हता. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षात उपग्रहाद्वारे शिक्षणाचा जो प्रयोग झाला, त्यातल्या सहा राज्यांतल्या २४०० खेड्यांमध्ये मध्य प्रदेशची खेडीही होती, आणि तेथे एक संच साऱ्या गावाचा असे. पुढे जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी ‘रामायण’ सुरू झाले तेव्हा ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या घरी आळी, ही रीत आमच्याकडेही होती. आज जे सत्तरीत आहेत ते तेव्हा तिशी-पस्तिशीत होते आणि इतरांसाठी चटया अंथरीत होते. २०२० च्या टाळेबंदीत तेच ‘रामायण’ पुन्हा लागले तेव्हा त्याच माणसांनी ते दार लावून, दोघांनीच पाहिले. मोठा पडदा शेजारच्या म्हाताऱ्यांना पुन्हा एका खोलीत आणू शकतो, हा त्याचा गुण मला त्याच्या चित्राच्या स्पष्टपणापेक्षाही मोलाचा वाटतो. आषाढी एकादशीची पंढरपूरची पहाटेची महापूजा ज्या घरी नीट दिसते तेथे चार वयस्क बायका अंघोळी उरकून येऊन बसतात, चहा होतो, कुणाच्या गुडघ्याची आणि कुणाच्या नातीची चौकशी होते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात दगडफेकीची गोटमार होते. तरुणपणी जे नदीकाठी उभे राहिले, आणि ज्यांनी तेथे रक्तही पाहिले, ते आता त्या दिवशी बातम्यांत आपली नदी आणि आपला पूल शोधतात. जामसावळीच्या हनुमानाच्या दर्शनाला चालत जाण्याइतकी ताकद ज्यांच्या पायांत उरली नाही त्यांना चित्रातले दर्शन प्रत्यक्षाइतके समाधान देत नाही, हे मान्य. काहीच न दिसण्यापेक्षा ते पुष्कळ देते, हेही मान्य करावे.

किमतीविषयी फार लिहिण्यासारखे नाही. ३२ इंचांहून मोठ्या संचांवरचा वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, म्हणजे लहान आणि मोठ्या संचांतला कराचा भेद संपला. लहान संच घेण्याचे तेवढे एक कारण गेले. कंपनीचा दुरुस्ती करणारा माणूस पांढुर्ण्यापर्यंत येतो की संच नागपूरला न्यावा लागतो, हे पावती फाडण्यापूर्वी विचारावे. उन्हाळ्यात विजेचा दाब वरखाली होतो, तेव्हा स्टॅबिलायझर घ्यावा.

याहून महत्त्वाचा प्रश्न ताब्याचा आहे. पुष्कळ घरांत मी पाहतो की, टीव्ही आईवडिलांचा असला तरी त्याचे खाते मुलाच्या मोबाइल क्रमांकावर असते. रिचार्ज संपला की पडदा काळा होतो, आणि बाबूजी दोन दिवस वाट पाहून, मुलाची कचेरीची वेळ टाळून, संकोचाने फोन करतात. पूर्वी देवळाला नंदादीप अर्पण करणारा श्रद्धावान गृहस्थ नुसती समई देऊन थांबत नसे, तिच्या तेलवातीसाठी जमिनीच्या तुकड्याचे इनामही लावून देत असे, कारण दिवा देणे म्हणजे तो तेवता ठेवण्याची तजवीज करणे हे त्याला ठाऊक होते. टीव्ही देणाऱ्यानेही वर्षाचे रिचार्ज एकदम भरून, खाते वडिलांच्या क्रमांकावर करून, मुदत संपण्याची तारीख घरातल्या दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहून द्यावी. दिलेली वस्तू पूर्णपणे त्यांच्या मालकीची झाली पाहिजे, त्यांनी ती दिवसभर लावून ठेवली तरी आणि महिनाभर लावली नाही तरी. कोणता कार्यक्रम पाहावा, किती पाहावा, याविषयी प्रौढ मुलांनी वृद्धांना उपदेश करण्याची जी एक नवी सवय लागली आहे ती मला फार क्लेशकारक वाटते. ज्यांनी आपल्याला अभ्यासासाठी टीव्हीपासून उठविले त्यांची परतफेड आपण त्याच हुकुमाने करावी, हे न्यायाचे नाही.

तेव्हा माझी विनंती नोकरीनिमित्त दूर गेलेल्या आमच्या भागातल्या मुलामुलींना आहे. सणाला घरी जाल तेव्हा आधी दुकानात जाऊ नका. मोजपट्टी घेऊन बाबूजींच्या खाटेपासून भिंतीपर्यंतचे अंतर मोजा, दुपारी खिडकीचा उजेड कोठे पडतो ते पाहा, त्यांचा डोळे तपासल्याचा कागद काढून वाचा, आणि आईला कोणत्या मराठी वाहिन्या कोणत्या क्रमांकावर हव्यात ते तिच्याकडून एका कागदावर लिहून घ्या. दुकानदाराशी बोलणी त्यानंतर करा.